कॅमेऱ्याला पांढरा रंग कळत नाही

एक कोरा पांढरा कागद घ्या आणि भिंतीला चिकटवा. कॅमेरा ऑटोवर ठेवून इतक्या जवळ जा, की चौकटीत कागदाशिवाय दुसरं काही दिसणार नाही. फोटो काढा. आता कागदाच्या जागी काळं कापड टांगा आणि तसाच दुसरा फोटो काढा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलेत तर कागद कळकट झालेला असेल, कापड विटलेलं असेल आणि दोघांचा रंग जवळपास सारखाच, करडा दिसेल.

मी शिकत होतो तेव्हा हा प्रयोग कुणी सांगितला नव्हता. उसना कॅमेरा होता. पांढऱ्या भिंतीसमोर पांढऱ्या शर्टातला मित्र उभा केला आणि चांगले तीस-चाळीस फोटो काढले. सगळ्यांत शर्ट मळका, चेहरा काळवंडलेला. आपल्या हातून कॅमेरा बिघडला या धसक्याने मी तो दुसऱ्याच दिवशी परत करून टाकला. कॅमेरा ठणठणीत होता. तो आपलं काम चोख करत होता, ते काम काय असतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

कॅमेऱ्यातला मीटर समोरून परत येणारा उजेड मोजतो. समोर काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. उजेड कमी आला, तर वस्तू काळी आहे की खोलीत अंधार आहे हे त्याला कसं कळणार? म्हणून त्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे. पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारा हा करडा. (आकडा विचित्र वाटतो, पण आपल्या डोळ्यांना काळ्या-पांढऱ्याचा मध्य नेमका तिथेच कुठेतरी जाणवतो. ५० टक्के उजेड परत पाठवणारा पृष्ठभाग आपल्याला चांगलाच उजळ दिसतो.) झाडं, माणसं, रस्ता, सावल्या असं सगळं मिसळलेलं असलं की हे गृहीतक चालून जातं. चौकटीत नुसता कागद आला की मीटर म्हणतो, उजेड फार झाला, कमी करा. कापड आलं की म्हणतो, उजेड पुरत नाही, वाढवा. हल्लीचे फोन आणि कॅमेरे चेहरा, आकाश वगैरे ओळखून स्वतःला थोडं सावरून घेतात, त्यामुळे तुमचा कागद माझ्याइतका मळका येणार नाही कदाचित. पण मुळातला हिशेब तोच आहे.

तेव्हा शिकायचं ते इतकंच, की मीटरचं कधी ऐकायचं, कधी नाही, आणि नाही ऐकायचं तर कितीने. त्या 'कितीने'साठी एक माप लागतं.

स्टॉप

उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला, निम्मा झाला की एक स्टॉप कमी झाला. व्याख्या संपली. बाकी सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

बेरीज-वजाबाकी सोडून दुपटीत का मोजायचं? कारण आपली नजरही तशीच चालते. अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती लावली की खोली उजळते. तीच मेणबत्ती दुपारच्या उन्हात पेटली आहे की नाही हेही चटकन कळत नाही. मेणबत्तीचा उजेड दोन्हीकडे तेवढाच. आधी किती होता त्याच्या तुलनेत किती वाढला, एवढंच डोळ्यांना जाणवतं.

याच गुणामुळे डोळे आपल्याला फसवतातही. भर उन्हात जमिनीवर साधारण १,००,००० लक्स उजेड पडतो. संध्याकाळी दिवा लावलेल्या खोलीत तो १०० लक्सच्या आसपास असतो. म्हणजे हजारपट फरक, आणि दोन दहा वेळा गुणलं की १०२४ होतात, म्हणून हा फरक दहा स्टॉपचा. आपण उन्हातून घरात येतो, मिनिटभर डोळ्यांपुढे अंधारल्यासारखं होतं आणि मग सगळं नीट दिसायला लागतं. कॅमेऱ्याला असं जुळवून घेता येत नाही. त्याला ते दहा स्टॉप कुठून तरी आणावे लागतात. 'दिसत तर सगळं स्वच्छ होतं, मग फोटो असा हललेला, दाणेदार का आला?' या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर त्या हजारपटीत आहे.

स्टॉप हा शब्द प्रकाश अडवण्यावरूनच आला. एकोणिसाव्या शतकात लेन्समध्ये वेगवेगळ्या आकाराची भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या सरकवत. जॉन वॉटरहाउस यांनी १८५८ मध्ये आणलेल्या अशा पट्ट्यांना वॉटरहाउस स्टॉप म्हणतात. पट्टी बदलली की स्टॉप बदलला. पट्ट्या गेल्या, शब्द राहिला.

कॅमेऱ्यात हा हिशेब तीन ठिकाणी करता येतो: लेन्सचं छिद्र म्हणजे अॅपर्चर (त्याचं माप एफ/८ असं लिहितात, ते पुढे येईल), शटर म्हणजे कॅमेऱ्यातला पडदा किती वेळ उघडा राहतो तो शटर स्पीड, आणि आयएसओ, म्हणजे टिपलेला उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा. १/१२५ सेकंद, एफ/८, आयएसओ १०० या सेटिंगवर फोटो बरोबर येत असेल, तर १/५०० सेकंद, एफ/४, आयएसओ १०० यावरही तो तितकाच उजळ येईल. शटरने दोन स्टॉप घेतले, छिद्राने दोन स्टॉप परत दिले. किंवा शटर १/५०० करून छिद्र एफ/८ वरच ठेवा आणि आयएसओ ४०० करा. तरी जमाखर्च जुळतो. फोटो मात्र तिन्ही वेळा वेगळा दिसेल, आणि खरी गंमत तिथेच आहे.

या तिघांचा त्रिकोण काढून दाखवायची प्रथा आहे. मला तो त्रिकोण फारसा रुचत नाही. त्यात समोर मुळात उजेड किती आहे ही चौथी गोष्ट कुठेच नसते, आणि विद्यार्थी तीन बटणं फिरवत बसतात. खिडकी उघडली असती तर काम झालं असतं.

छिद्राचा आकडा उलटा का

एफ/२ हे मोठं छिद्र आणि एफ/१६ हे लहान. पहिल्या दिवशी यावर सगळेच अडखळतात. तो अपूर्णांक आहे हे लक्षात आलं की अडखळणं थांबतं. एफ म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे लांबच्या वस्तूंचं चित्र लेन्सच्या मागे जितक्या अंतरावर स्पष्ट उमटतं ते अंतर. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/२ म्हणजे ५० भागिले २, छिद्र २५ मिलिमीटर रुंद. एफ/४ म्हणजे साडेबारा. रुंदी निम्मी झाली तर क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून एफ/२ आणि एफ/४ यांच्यात एक नव्हे, दोन स्टॉप. मधला एक स्टॉप म्हणजे एफ/२.८. लेन्सवरचे विचित्र आकडे असे येतात: १, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. पाठ करायची युक्ती म्हणजे एक सोडून एक आकडा वाचा. १, २, ४, ८, १६ अशी एक रांग आणि १.४, २.८, ५.६, ११, २२ अशी दुसरी, दोन्ही दुपटीच्या. ५.६ ची दुप्पट ११.२, पण लिहिताना ११ लिहितात.

छिद्र लहान केलं की पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं आणि मोठं केलं की मागचं धूसर होतं, हे सगळे सांगतात. का, ते फारसं कुणी सांगत नाही. ज्यांना लांबचं नीट दिसत नाही ती माणसं चष्मा काढल्यावर पाटी वाचताना काय करतात? डोळे बारीक करतात. फोकसबाहेरच्या वस्तूवरच्या एका बिंदूतून निघालेला उजेड सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागावर, पोचताना बिंदू राहत नाही, त्याची चकती होते. छिद्र जितकं रुंद, तितकी प्रकाशाच्या शंकूची रुंदी जास्त आणि तितकी चकती मोठी. अशा हजारो चकत्या एकमेकींवर चढल्या की त्यालाच आपण धूसर म्हणतो. डोळे बारीक केले किंवा छिद्र लहान केलं, की शंकू बारीक होतो, चकत्या आकसतात आणि पाटी वाचता येते.

मग फोनवर तर एफ/१.८ लिहिलेलं असतं, तरी मागचं सगळं स्पष्ट का येतं? भागाकार करा. फोनच्या मुख्य लेन्सची खरी फोकल लेंग्थ पाच-सात मिलिमीटरच्या घरातली. सहा धरली, तर छिद्र जेमतेम सव्वातीन मिलिमीटर. म्हणून पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा लेन्सचा नसतो. माणूस कुठे संपतो आणि मागचं कुठे सुरू होतं याचा अंदाज बांधून फोन तो नंतर तयार करतो. उडणारे केस आणि चष्म्याच्या कडा जवळून पाहा, बऱ्याचदा तिथे अंदाज चुकलेला असतो.

वेळ

पॅरिसच्या एका रुंद रस्त्याचा फोटो लुई दाग्येर यांनी १८३८ मध्ये वरच्या खिडकीतून घेतला. वर्दळीचा रस्ता, पण फोटोत ओसाड दिसतो. माणसं, घोडे, गाड्या सगळे तिथे होते. फक्त प्लेटवर उमटण्याइतका वेळ कुणी एका जागी थांबलं नाही, कारण एक्स्पोजर, म्हणजे प्लेटवर उजेड पडू देण्याचा वेळ, कित्येक मिनिटांचं होतं. एका कोपऱ्यात मात्र एक माणूस दिसतो. तो बूट पॉलिश करून घेत उभा होता. बरोबर चाळीस वर्षांनी, १८७८ मध्ये, एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याचे ओळीने फोटो घेतले आणि चारही पाय एकाच क्षणी जमिनीपासून सुटतात हे दाखवून दिलं. शटर स्पीड म्हणजे काय हे या दोन फोटोंतून जितकं कळतं, तितकं मला कुठल्या तक्त्यातून कळलं नाही.

विद्यार्थ्यांच्या फोटोंत सगळ्यांत जास्त आढळणारा दोष म्हणजे 'फोटो हलला'. पण हलण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे. चौकटीतलं सगळंच, भिंतीसकट, एकाच दिशेला फरफटलं असेल तर तुमचा हात हलला. भिंत स्वच्छ आणि माणूस फरफटलेला असेल तर माणूस हलला. हाताच्या हलण्यासाठी जुना ठोकताळा असा, की एक भागिले फोकल लेंग्थ, त्याहून शटर संथ नको: ५० ची लेन्स असेल तर १/५०, २०० ची असेल तर १/२००. हा ठोकताळा पूर्ण आकाराच्या, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या, सेन्सरसाठी आहे. लहान सेन्सर असेल तर त्याहून जलद ठेवा. स्टॅबिलायझर असेल तर आणखी काही स्टॉप संथ जाता येतं. पण तो फक्त तुमचा हात सावरतो. समोर पळणाऱ्या मुलाला तो थांबवू शकत नाही, त्यासाठी १/५०० किंवा त्याहून जलद शटरच लागतं.

आयएसओला उगाच दोष

फिल्मच्या काळात प्रत्येक फिल्मची संवेदनशीलता वेगळी असायची आणि तिचा आकडा डब्यावर छापलेला असायचा. डिजिटलमध्ये आकडे तेच राहिले, अर्थ बदलला. आयएसओ वाढवला म्हणून सेन्सरवर उजेडाचा एक थेंबही जास्त पडत नाही. जो पडला, त्याचा आवाज वाढवला जातो, इतकंच. मग दाणे कुठून आले?

पावसाची कल्पना करा. अंगणात सारख्या आकाराच्या शंभर फरश्या आहेत. दोन-चार सेकंद भुरभुर झाली आणि थांबली. एका फरशीवर तीन थेंब, शेजारच्या फरशीवर सात, एक कोरडीच. अंगण ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. तासभर मुसळधार झाली तर सगळ्या फरश्या सारख्याच भिजतात. प्रकाशही असाच सुट्या कणांनी येतो आणि सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर थोडा कमी-जास्त पडतो. हा चढउतार सरासरी कणसंख्येच्या वर्गमुळाइतका असतो. एका पिक्सेलवर १०,००० कण आले तर चढउतार १०० चा, म्हणजे एक टक्का. डोळ्याला कळतही नाही. १०० च कण आले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. तो दाणेदारपणा लगेच दिसतो. म्हणजे दाण्यांचं मूळ बहुतांशी उजेडाच्या तुटवड्यात आहे. आयएसओ वाढवल्यावर ते उघडे पडतात, एवढाच त्याचा दोष.

यातून रोजच्या कामाचे दोन निष्कर्ष निघतात. उजेड वाढवता येत असेल, छिद्र मोठं करता येत असेल किंवा शटर संथ करता येत असेल, तर ते आधी करा. ते शक्य नसेल, तर आयएसओ ३२०० करायला लाजू नका. दाणेदार फोटो बघता येतो. हललेला फोटो मात्र कितीही गुळगुळीत असला तरी टाकूनच द्यावा लागतो.

मीटरशी वाटाघाटी

आता पुन्हा पांढऱ्या शर्टाकडे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचं एक बटण असतं, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं. फोनवर स्क्रीनला बोट लावल्यावर सूर्याचं चिन्ह येतं, ते वर-खाली सरकवायचं. पांढरी गोष्ट चौकटभर असेल तर एक ते दीड स्टॉप *वाढवायचा*, काळी असेल तर तितकाच *कमी करायचा*. मन याच्या बरोबर उलट सांगतं: आधीच एवढं पांढरं, त्यात आणखी उजेड कशाला? पण मीटरने ते आधीच करड्यापर्यंत खाली ओढलेलं असतं, आपण ते परत जागेवर नेतो. खिडकीला पाठ करून बसलेल्या माणसाचंही तसंच. खिडकीच्या उजेडाला घाबरून मीटर सगळंच गडद करतो. तिथे दोन स्टॉप वाढवा आणि खिडकी जळाली तर जळू द्या. फोटो चेहऱ्याचा आहे.

फोटो बरोबर आला का, हे स्क्रीन पाहून ठरवू नका. तीच स्क्रीन उन्हात काळी वाटते आणि अंधारात झगमगते. हिस्टोग्राम नावाचा आलेख पाहा. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, आणि ज्या छटेचे पिक्सेल जास्त तिथे उंचवटा. मधोमध सुबक टेकडी यायला हवी असं कुठेतरी वाचलं असेल तर विसरा. धुक्यातल्या फोटोची टेकडी उजवीकडे असणार, रात्रीच्या फोटोची डावीकडे. बघायचं ते उजव्या काठाकडे. आलेख तिथे भिंतीला धडकून चिकटला असेल तर तेवढा भाग कोरा पांढरा झाला आहे. सावलीतून नंतर थोडंफार बाहेर काढता येतं, पण पूर्ण उडालेल्या पांढऱ्यातून काहीच निघत नाही, कारण तिथे नोंदच झालेली नसते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, १६,३८४. नंतर सुधारणा करायची असेल तर रॉ ठेवण्याचं कारण हेच.

बटणांच्या पलीकडे

उजेड किती, हे झालं. उजेड कसा, हे त्याहून महत्त्वाचं आणि शिकायला अवघड, कारण त्याचा आकडा कॅमेरा दाखवत नाही. निदान एक गोष्ट आजच तपासून बघता येईल. सूर्य प्रचंड मोठा असला तरी इथून आकाशात तो जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. म्हणून उन्हातल्या सावल्यांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या येतात आणि दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. ढग आले की अख्खं आकाशच दिवा होतं, उजेड चहूबाजूंनी येतो आणि सावल्या विरघळतात. वस्तूच्या जागेवरून पाहताना दिवा मोठा दिसत असेल तर उजेड मऊ, लहान दिसत असेल तर कडक. खिडकीजवळ बसलेला चेहरा मऊ उजळतो. तोच माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला की त्याच्यासाठी खिडकी लहान होते आणि सावल्या घट्ट होतात.

चेहऱ्यांच्या फोटोंबद्दल एक गैरसमजही इथेच काढून टाकतो. 'वाइड लेन्सने नाक मोठं दिसतं' असं म्हणतात. नाक मोठं होतं ते जवळ गेल्याने. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ वर असतात, म्हणजे कानांच्या मानाने नाक १.४ पट मोठं उमटतं. दोन मीटर मागे जा: २०० आणि २१२. फरक सहा टक्क्यांवर आला. मागे जाऊन झूम करा, नाक जागेवर येईल. लेन्स फक्त किती भाग कापून घ्यायचा ते ठरवते. पुढच्या-मागच्या वस्तूंची एकमेकींशी प्रमाणं तुमचे पाय ठरवतात.

व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेल्या रंगाच्या दुरुस्तीवर, फार वेळ घालवू नका. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० ते ३००० केल्विन, दुपारचा ५५०० च्या आसपास, सावलीतला त्याहून निळसर. ऑटोवर ठेवा आणि एकाच फोटोत दोन प्रकारचे दिवे येणार नाहीत याची काळजी घ्या. नाही तर अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळा येईल आणि तो कुठल्याच सेटिंगने धड होणार नाही.

विद्यार्थ्याने कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि सगळ्यांत कमी महत्त्वाचा वाटतो. मॅन्युअल मोड असलेला कुठलाही जुना कॅमेरा आणि न झूम होणारी एक लेन्स पुरते. फोन असेल तर प्रो मोडमध्ये शटर आणि आयएसओ शिकता येतात. छिद्र मात्र बहुतेक फोनमध्ये बदलता येत नाही, तेवढा धडा मागे ठेवावा लागेल. हुकलेले फोटो लगेच पुसू नका. प्रत्येक फाइलमध्ये शटर, छिद्र आणि आयएसओ यांची नोंद असते. हललेला फोटो उघडून १/१५ हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, की तो पक्का लक्षात राहतो.

आणि रोज एक खेळ खेळा. कॅमेरा पिशवीतच ठेवा, समोरच्या उजेडाकडे पाहा आणि सेटिंग काय लागेल ते कागदावर लिहा. सुरुवातीला टेकू म्हणून फिल्मच्या काळातला एक नियम आहे: स्वच्छ उन्हात एफ/१६, आणि शटर म्हणजे एक भागिले आयएसओचा आकडा, आयएसओ १०० असेल तर १/१००. पातळ ढग असतील तर छिद्र एक स्टॉप मोठं करा, दाट असतील तर दोन-तीन. अंदाज लिहून झाला की कॅमेरा काढा, मीटर पाहा आणि चूक स्टॉपमध्ये मोजा. उन्हातला माझा पहिला अंदाज पाऊण स्टॉपने चुकला होता, तेव्हा मी खूश झालो. त्याच संध्याकाळी दिव्याखाली वाचत बसलेल्या मित्राकडे पाहून १/१२५, एफ/५.६, आयएसओ ४०० असं ठणकावून लिहिलं. मीटर म्हणाला, पाच स्टॉप कमी पडताहेत. तरी मला त्याच्या हातातल्या पुस्तकावरचं नाव लांबून वाचता येत होतं.